तांबू परत का फिरला

तांबूच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं मला कितीदा तरी वाटलं आहे. तांबू हा कोल्हा होता, आणि तोही गोष्टीतला. ऑफिसात अख्खी टीम माझ्या आवाजाला टरकते आणि घरी येऊन मी एका कोल्ह्यावर दातओठ खाते, हे माझ्या नवऱ्याला भारी विनोदी वाटायचं. वाटू दे. त्यानं त्या गोष्टी ऐकल्या नव्हत्या. शनिवारी दुपारी मुलीला मराठीच्या वर्गाला सोडायला म्हणून जायचं आणि मागच्या खुर्चीवर बसून स्वतःच चडफडत परत यायचं, असं माझं दोन-तीन वर्षं चाललं होतं. त्या कोल्ह्याला धड वागताच यायचं नाही. वेळ आली की नेमकं नको तेच करायचा. आणि इंदूअक्का ते इतक्या शांतपणे सांगायच्या, की त्याला दुसरं काही करता येणारच नव्हतं असं वाटावं.

इंदूअक्का आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, बंगळूरच्या बसवनगुडीत. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा सामान वर चढत असतानाच एक ठेंगणी बाई दोन थर्मास घेऊन दारात उभी राहिली. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पदर खोचलेला.

"चहा पिता की कॉफी माहीत नाही, म्हणून दोन्ही केलंय बघ," त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला. तर म्हणतात, "कॉफी पण घे की स्वल्प. तिला कशाला वाईट वाटून घ्यायचं?"

कॉफीला वाईट वाटतं हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोन्ही प्यायलो, आणि माझं पित्त खवळलं ते वेगळंच.

अक्का मूळच्या निपाणीच्या, वाढल्या धारवाडात. शाळेत कन्नडमधून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांच्या अव्वा. अव्वा म्हणजे आई, असं मी धरून चालले होते. खिडकीपाशी पलंगावर बसून तपकीर ओढणारी, नव्वदीला टेकलेली, तिखट जिभेची म्हातारी. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना अक्कांची ओळख करून द्यायची ती दोनच शब्दांत, "नन्न मगळु". माझी मुलगी.

तर अक्कांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणा एकालाच हो म्हणता यायचं नाही. गांधी बझारात कोपऱ्यावर दोन फुलवाल्या समोरासमोर बसायच्या. अक्का एकीकडून मोगऱ्याचा गजरा घ्यायच्या, तो पिशवीत भाजीखाली दडवायच्या, आणि रिकाम्या हातानं दुसरीकडे जाऊन तिच्याकडूनही घ्यायच्या. एकदा पिशवी फाटली आणि भर रस्त्यात दोन्ही गजरे बाहेर आले. मी बरोबर होते. दोघींनी मिळून अक्कांना असं फैलावर घेतलं, की दोघींना एकमेकींचा राग आहे हे त्या विसरूनच गेल्या. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. घरी येताना म्हणाल्या, "लाज वाटली बघ मुग्धा. दोघींचंही मन राखायला गेलो, आणि दोघींचंही मोडलं."

निपाणी-धारवाडकडच्या बायका स्वतःला 'गेलो', 'आलो' म्हणतात. ईराला, म्हणजे माझ्या मुलीला, ते फार आवडायचं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवी बोअर मारायची की टँकर लावायचा यावर हात वर करायचे होते. अक्कांनी दोन्ही वेळा वर केला. सेक्रेटरी कपाळाला हात लावून म्हणाला, "मेडम, ओंदे वोटु!" एकच मत, बाई, एकच! सगळे हसले. मीही हसले. अक्काही हसल्या, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले होते.

मराठीचा वर्ग इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. इथं वाढणाऱ्या आपल्या पोरांचं मराठी म्हणजे आनंदच असतो. "आई, मला ते नको पाहिजे" हे आमच्या कन्येचं वाक्य. मंडळानं आधी बाराखडी, कविता, सगळं करून बघितलं. पोरं यायची नाहीत. मग अक्का आल्या आणि त्यांनी दोन सतरंज्या अंथरल्या. एक तांबडी, एक निळी. तांबडी कोल्ह्यांची, निळी कुत्र्यांची. यायचं, ज्यांची बाजू आपली वाटेल त्या सतरंजीवर बसायचं, आणि गोष्ट ऐकायची. मधेच बाजू बदलावीशी वाटली तर उठून पलीकडे जायला परवानगी होती, पण जाण्याआधी उभं राहून कारण सांगायचं. मराठीत. एक शब्द इंग्रजी आला की जागेवर बसायचं.

एवढाच अभ्यासक्रम. बाकी सगळं तांबूवर सोडलेलं होतं.

उसाचं रान होतं. उसात कोल्ह्यांचं राज्य. त्यांची पंचायत पौर्णिमेला उसाच्या मधोमध भरायची आणि पंच शेपटीनं जमीन झाडून मगच बोलायचे. बांधापलीकडे वस्ती. तिथं कुत्र्यांचं राज्य. ते भाकरीवर पाय ठेवून शपथ घ्यायचे. आणि दोन्हीकडचा कायदा एकच, की ज्यानं उसातली शिकार खाल्ली त्यानं वस्तीत यायचं नाही, आणि ज्यानं भाकरी खाल्ली त्यानं उसात जायचं नाही. ऊसतोडीच्या धांदलीत एका कोल्हीचं पिल्लू बांधावर राहिलं. वस्तीतली गौरी नावाची कुत्री, जिची पिल्लं जगली नव्हती, तिनं ते तोंडात धरून आणलं आणि पाजलं. तो तांबू. त्यानं दोन्हीकडचं खाल्लेलं होतं.

मग कोल्ह्यांनी वस्तीतल्या कोंबड्यांवर धाड घालायचं ठरवलं. तांबूला दोन्हीकडची खबर. आता हा शहाणा काय करतो? रात्री जाऊन कोल्ह्यांना सांगतो की कुत्रे जागे आहेत, येऊ नका. आणि परत येऊन कुत्र्यांना सांगतो की कोल्हे येणार आहेत, जागे राहा. कोल्हे आले नाहीत. कुत्रे रात्रभर जागून पेंगुळले. सकाळी दोन्हीकडे त्याच्या नावानं शिमगा. कोल्हे म्हणतात फितूर, कुत्रे म्हणतात खोटारडा.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो काय सांगू! ईरा ताडकन उठली. "तांबू मॅड आहे!"

"मॅड चालणार नाही," अक्का म्हणाल्या. "मराठीत."

ईराला शब्द सापडेना. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एकदम बांध फुटला. "तांबू बिनडोक आहे! त्यानं कुणातरी एकालाच सांगायचं होतं! दोघांना सांगून काय उपयोग? आता दोघंही त्याला मारणार! मी कुत्र्यांकडे पण नाही आणि कोल्ह्यांकडे पण नाही, मी आईजवळ बसणार!" आणि सरळ मागे माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

अक्का खूश. मला म्हणतात कशा, "बघ, एक तरी चूक केली का तिनं? राग आल्याशिवाय भाषा येत नाही."

वर्ग सुटल्यावर मी त्यांना चांगलंच सुनावलं. "अक्का, दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा हीरो कुणाला आवडेल हो? एकदा तरी त्याला ठामपणे काहीतरी करू द्या. आमचा जीव किती टांगायचा?"

त्या सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. "त्याला जमत नाही गं," म्हणाल्या. "मी करून बघितलं."

त्या वेळी मला वाटलं, गोष्टीबद्दलच बोलतायत.

खरी हकिगत मला मेथी निवडताना कळली. माझ्याच स्वयंपाकघरात, फरशीवर बसून. मी सहज विचारलं की अव्वांचं माहेर कुठलं, तर म्हणाल्या, निपाणी. आणि तुमचं गाव? निपाणी. मी म्हटलं, म्हणजे आजोळ. तर अक्कांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

अव्वा त्यांची आई नव्हे, मावशी. थोरली मावशी, धारवाडच्या कन्नड घरात दिलेली, मूलबाळ नाही. निपाणीला धाकट्या बहिणीच्या पदरी ओळीनं मुली. एका दिवाळीला थोरली माहेरी आली आणि जाताना धाकटीनं एक मुलगी तिच्यासोबत दिली. कागद नाही, विधी नाही. घरातल्या घरात, एका बहिणीनं दुसरीला दिली.

"मला कुणी काही सांगितलंच नाही की," अक्का म्हणाल्या. "नवा फ्रॉक घातला. मला वाटलं, सुट्टीला जायलोय. बसमध्ये मी आईला हात केला, तर ती घरात निघून गेली होती."

मग दर उन्हाळ्यात निपाणी. तिथं बहिणी जमिनीवर बसायच्या आणि हिला पाट. हिच्या ताटात जास्त तूप. अक्का सांगत होत्या, "धारवाडात 'आमच्या निपाणीत असं असतं' म्हटलं की अव्वाचं तोंड उतरायचं. निपाणीत 'आमच्या धारवाडात' म्हटलं की आई उठून आत जायची. मग मी दोन्हीकडे 'आमच्या' म्हणायचंच सोडलं."

पुढे अव्वांचे यजमान गेले, अक्कांना बंगळूरला नोकरी लागली, त्या अव्वांना घेऊन इकडे आल्या. निपाणीला जाणं कमी होत गेलं. आधी वर्षातून एकदा, मग लग्नाकार्याला, मग फोनवर. का, म्हणून मी विचारलं. त्यांनी मेथीची जुडी उलटी केली आणि म्हणाल्या, "जितके दिवस लांबलं, तितकी जायची लाज वाढत गेली बघ."

मी म्हटलं, "ह्यात लाज कसली, अक्का? बसमध्ये बसायचं आणि जायचं!" मी अशीच आहे. दुसऱ्याच्या घरचे गुंते मला लांबून फार सोपे दिसतात.

मग निपाणीहून अक्कांच्या पाठच्या भावाचा फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं. "तुझं नाव घ्यायलीय. येऊन जा."

अक्कांनी अव्वांना सांगितलं. अव्वांनी तपकिरीची चिमूट ओढली, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "जा की. मी कुठं अडवायलोय? तू गेलीस की मी जेवणार नाही, एवढंच."

अक्का सगळा आठवडा तळ्यात-मळ्यात करत राहिल्या. बॅग भरली, बॅग सोडली. जिना चढून माझ्याकडे यायच्या, नुसत्या उभ्या राहायच्या आणि जायच्या. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, शेवटी ओरडले, "अहो, आई आहे ती तुमची! जा!" त्या "होय की" म्हणाल्या आणि खाली जाऊन अव्वांचे पाय चेपत बसल्या.

त्या शनिवारच्या गोष्टीत कोल्ही, तांबूची आई, उसात फासात अडकून पडली होती. रोज तिन्हीसांजेला ती साद घालायची. इकडे गौरी म्हातारी, आंधळी झालेली, तांबूनं पुढ्यात ठेवल्याशिवाय भाकरीला तोंड न लावणारी. अक्का तिथंच थांबल्या. असं त्या कधी करत नसत, पण त्या दिवशी त्यांनी पोरांनाच विचारलं, "आता तांबूनं काय करायचं?"

मी मागच्या खुर्चीवर सावरून बसले. त्या कोल्ह्याचं विचारत नव्हत्या हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं.

निळी सतरंजी हळूहळू रिकामी झाली. सगळी पोरं तांबडीवर. ओंकार नावाचा एक मुलगा होता, हेब्बाळहून यायचा, कट्टर कुत्र्यांचा. तोसुद्धा उठून गेला. कारण सांगायला ईरा उभी राहिली. "गौरी एक दिवस उपाशी राहिली तर काय होतं? दुसऱ्या दिवशी खाईल. पण आई मेली तर परत येत नाही. त्याला जायलाच पाहिजे."

"बरं," अक्का म्हणाल्या. "मग जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांनी बेल वाजवली. हातात बॅग. "निघालो बघ. अव्वाला सांगितलंय, म्हैसूरला लग्न आहे. तू जरा लक्ष ठेवशील? जेवायला नको म्हणेल. जबरदस्ती कर."

मला इतका आनंद झाला, की मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गाऊनवरच खाली गेले.

दुपारी ताट घेऊन अव्वांकडे गेले ते युद्धाच्या तयारीनं. काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. अव्वांनी ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागल्या. भाजी संपवली, आमटी भुरकली. "चपाती आहे का अजून? आणि लोणचं घाल स्वल्प."

मी दोन्ही वाढलं. अव्वांनी बोटं चाटली आणि म्हणाल्या, "निपाणीला गेली ना?"

"नाही हो, म्हैसूरला, लग्न..."

"लग्नाला कोण जुनी सुती साडी नेसून जातंय? मी म्हातारी झालोय, आंधळी नव्हे." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं गेली. मी जेवणार नाही म्हटलं, ते तोंडाला आलं म्हणून म्हटलं. माझं ऐकू नये तिनं. निपाणीतली ती धाकटी बहीण आहे गं माझी. परकर धरून माझ्या मागं मागं फिरायची. तिची पोरगी मी आणली, आणि एकदासुद्धा स्वतः होऊन 'आईकडं जाऊन ये' म्हटलं नाही. लाज वाटती आता म्हटलं तर."

मी ताट विसळून ठेवलं. वाटलं, चला, सुटलं एकदाचं. दोन्ही म्हाताऱ्या शहाण्या निघाल्या. अक्का उगाचच इतकी वर्षं मधे पिचत राहिल्या. संध्याकाळी अव्वांसाठी कॉफी करायला म्हणून मी पुन्हा खाली होते, आणि त्या मला निपाणीच्या आठवडी बाजाराचं काहीतरी सांगत होत्या. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

अक्का. तीच बॅग, तीच सुती साडी, बसनं चुरगळलेली.

अव्वांच्या हातातला पेला तसाच राहिला. "याक बंदी?" का आलीस?

"दावणगेरेला बस जेवायला थांबली," अक्का म्हणाल्या. त्या अजून उंबऱ्यातच होत्या. "सगळे उतरले. मी पण उतरलो. घास खाली जाईना. वाटलं, तू उपाशी बसली असशील. समोर बंगळूरची बस लागली होती, तिच्यात चढलो."

"मी जेवलो!" अव्वा किंचाळल्या. "मी मागून घेऊन जेवलो! विचार हिला!"

आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली बाई, म्हटलं, "हो, लोणच्यासकट." वर मला हसू फुटलं. ते हसू आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मी हसू आवरलं.

अव्वा रडायला लागल्या. तोपर्यंत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "आता काय म्हणेल ती? थोरलीनं मी मरतानासुद्धा पोरगी दिली नाही म्हणेल. तुला कुणी सांगितलं होतं परत यायला? कुणी?"

"उद्या जातो," अक्का म्हणाल्या. "सकाळीच जातो."

सकाळी भावाचा फोन आला. आई पहाटे गेली होती. भाऊ चांगला माणूस. म्हणाला, तू पोचेपर्यंत ठेवता येणार नाही, दिवसांना ये, घाई करू नको. अक्का फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि अव्वांसाठी उप्पीट केलं. सुतक पाळायचं की नाही, आणि पाळलं तर कुणाची कोण म्हणून, ते त्यांना कुणी नीट सांगू शकेना. गुरुजींना फोन केला, तर गुरुजीच घोटाळले.

त्या शनिवारी वर्ग होणार नाही असं मी ईराला सांगून ठेवलं होतं. पण अक्का जिन्यात उभ्या होत्या, सतरंज्या काखेत. "पोरं वाट बघतील," म्हणाल्या. मी म्हटलं, नका सांगू आज गोष्ट, गाणी घ्या. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे त्यांच्या बाबतीत कधीच कळायचं नाही.

पोरं आधीच तांबडीवर दाटीवाटीनं बसली होती. अक्का सांगायला लागल्या. तांबू निघाला. बांध ओलांडला. उसात शिरला. साद जवळ येत होती. अर्धं रान तुडवलं, ओढ्यापाशी आला, पाणी प्यायला थांबला. आणि तिथून परत फिरला.

 मग ओंकार म्हणाला, "का? गौरीला काही झालं?"

"नाही."

"उपाशी होती?"

"नव्हती. तिनं भाकरी खाल्ली होती."

मग मात्र कल्लोळ. पोरं सतरंजीवरून उठली, एकाच वेळी ओरडायला लागली. एवढासा एक मुलगा तर हमसून हमसून रडायला लागला. ईरा सगळ्यांत पुढे, मुठी आवळून. "मग का परत आला? कारण सांगा! आम्हाला सांगायला लागतं ना? तुम्ही पण उभं राहून सांगा!"

मी तिला मागे ओढायला उठले. अक्कांनी मला हातानं थांबवलं आणि खरंच उभ्या राहिल्या. चष्मा काढला, दोरीवर सोडून दिला.

"गौरी उपाशी आहे असं त्यानं स्वतःला सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण ते निमित्त. ओढ्यापाशी त्याच्या मनात आलं, आता आईसमोर जायचं. ती विचारणार, इतके दिवस कुठं होतास? बांधापलीकडेच तर होतास, का आला नाहीस? आणि त्याला काही उत्तर सुचेना. त्याला लाज वाटली. फार लाज वाटली. म्हणून परत फिरला."

ईरानं भुवया आकसल्या. तिला ते पटलं नव्हतं. "पण आई असं विचारतच नाही," ती म्हणाली. "आई फक्त म्हणते, आलास का."

 अक्का ईराकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कोसळतात. कोसळल्या नाहीत.

"होय की," त्या अगदी हळू म्हणाल्या. "एवढं त्याला कुणी सांगितलं नाही."

"मग कोल्ही?" ओंकारनं विचारलं.

"मेली."

त्या दिवशी कुणी सतरंजी बदलली नाही. पोरं चपला घालून गुपचूप निघून गेली. घरी आल्यावर ईरा मला म्हणाली, अक्कांनी गोष्ट खराब केली, मी परत जाणार नाही. एरवी मी तिला रागावले असते. त्या दिवशी मला ते जमलं नाही. तिला खरं सांगणं तर त्याहून जमलं नाही. इतके दिवस मागच्या खुर्चीवर बसून त्या कोल्ह्याला ठामपणा शिकवणारी मी, उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

पुढच्या आठवड्यात अव्वांनी हट्ट धरला की मलाही निपाणीला न्या. डॉक्टर नको म्हणाले, अक्का नको म्हणाल्या, म्हातारी ऐकेना. शेवटी लांबच्या प्रवासाची गाडी ठरवली. मी आणि नवऱ्यानं अव्वांना खुर्चीसकट खाली उतरवलं आणि मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. ड्रायव्हर हासनकडचा, तरुण, बोलघेवडा. अक्कांची बॅग डिकीत ठेवताना त्यानं अव्वांना विचारलं, "मगळा, अज्जी?" मुलगी का, आजी?

मी मनातल्या मनात उत्तर देऊनही टाकलं होतं.

"अल्ल," अव्वा म्हणाल्या. नाही. "नन्न तंगी मगळु." माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी.

अक्कांचा एक पाय गाडीत होता. त्या तशाच थांबल्या. "अव्वा," म्हणाल्या, "असं नको म्हणू."

"का? खरं तेच सांगितलं. मीच बोलायला पाहिजे होतं आधी. बस आत. तुला घरी पोचवायला जायलोय मी."

"कुणाकडं, अव्वा?"

अव्वांनी पदर पुढ्यात ओढला. पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. अक्का आत बसल्या, दोघींच्या मधे पाण्याची बाटली ठेवली, आणि ड्रायव्हरनं दार लावून घेतलं. काचेतून अक्कांची नजर माझ्याकडे वळायला लागली तसं मला उभं राहवेना, आणि मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन, डिकी नीट बंद आहे की नाही ते उगाचच बघत राहिले.